व्यवसाय, आणि यमुनामावशींची भवानी

“मॅडम, तुम्ही फक्त ‘अनफिट’ एवढं लिहून द्या. पुढचं मी बघतो.”

समोर खुर्ची होती तरी निलेश उभाच होता. गळ्यात ऑफिसचं आयकार्ड, हातात दुचाकीचं हेल्मेट. मालाडच्या एका आयटी कंपनीत तो टीम लीड आहे आणि लंच टाइममध्ये पळत आला होता. काचेच्या दाराच्या पलीकडे त्याची आई, यमुनामावशी, टेबलाशी बसून उजव्या हाताने पुट्टी दाबत होती. पुट्टी म्हणजे लहान मुलं खेळतात तशी रंगीत माती, फक्त जास्त चिवट. बोटांत ताकद यावी म्हणून आम्ही ती पेशंटला मळायला देतो.

“अनफिट कशासाठी?” मी विचारलं.

“बिझनेससाठी. आईला आता बसवायचं आहे घरी.”

आईच्या कामाला निलेश बिझनेस म्हणतो. मावशी स्वतः धंदा म्हणतात. आणि आमच्या केसपेपरवर मी लिहिलं होतं, व्यवसाय: मासेविक्री. वर्सोव्याच्या बाजारात मावशींची बसायची जागा आहे. आधी तिथे त्यांची सासू बसायची. शिमग्याच्या आसपास एका सकाळी त्याच जागेवर, गिऱ्हाइकाला सुरमई कापून देताना, त्यांच्या हातातला कोयता गळून पडला आणि त्या बाजूला कलंडल्या. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, त्यामुळे उजवा हात गेला. पाय थोडक्यात वाचला. जीभ तर पूर्णच वाचली. ते आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं, कारण स्ट्रेचर नीट न ढकलणाऱ्या वॉर्डबॉयची त्यांनी आडवं पडूनच खरडपट्टी काढली होती.

निलेशला सर्टिफिकेट का हवं होतं, तेही सांगते. त्या बाजारात बायकांचा एक जुना रिवाज आहे. एखादी आजारी पडली तर तिची जागा इतर जणी राखून ठेवतात. पण नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात जातात, भरून येतात, आणि नव्या हंगामाचा बाजार लागतो. त्या पहिल्या दिवशी जिची जागा तिने येऊन बसायचं. नाही बसली तर तिने धंदा सोडला असं सगळ्या समजतात आणि जागा दुसरीकडे जाते. निलेशची चुलत वहिनी त्या जागेसाठी तयार होती. डॉक्टरांनीच नाही म्हटलं असं दिसलं तर आईला काही म्हणता येणार नाही, आणि भांडण न होता सगळं घरातल्या घरात मिटेल असा त्याचा हिशोब होता.

मी त्याला म्हटलं, अजून हंगाम लांब आहे, मी तपासल्याशिवाय काहीच लिहीत नाही. तो नाराज होऊन गेला. जाताना आईच्या खांद्यावर हात ठेवून गेला, हेही मी पाहिलं.

आता माझ्या कामाविषयी. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. अंधेरीच्या एका हॉस्पिटलमध्ये इतकी वर्षं काढली आहेत की लिफ्टमनसुद्धा मला निवृत्ती कधी असं विचारतो. फिजिओथेरपी लोकांना माहीत असते. आमचं खातं कोणाला माहीत नसतं. ढोबळ सांगायचं तर, फिजिओथेरपिस्ट तुमचा हात हलता करतो, आणि त्या हाताने तुम्ही साडी नेसाल, भाजी चिराल, रिक्षा चालवाल हे आम्ही बघतो. ऑक्युपेशन म्हणजे आमच्या भाषेत नुसती नोकरी नव्हे. माणूस ज्या ज्या कामात आपला दिवस घालवतो ते सगळं. आंघोळसुद्धा.

पण या शब्दाचं मराठी कोणीतरी फार पूर्वी ‘व्यवसायोपचार’ असं केलं आणि ते आमच्या दारावर पाटी होऊन बसलं. त्याचा परिणाम असा की महिन्यातून एकदोन माणसं फाईल घेऊन आत येतात आणि बायोडेटा माझ्यापुढे ठेवतात. एकाने तर विचारलं होतं, “सिक्युरिटीचं असेल तरी चालेल, नाइट शिफ्ट नको.”

नेमकं त्याच दिवसांत अ‍ॅडमिनच्या नाईक साहेबांनी मला बोलावलं. हॉस्पिटलच्या सगळ्या पाट्या नव्या करायच्या होत्या.

“मॅडम, तुमचं ते व्यवसाय काढून टाकू या. लोक कन्फ्यूज होतात. ‘हात पुनर्वसन विभाग’ कसं वाटतं?”

मी म्हटलं, विचार करून सांगते. खरं म्हणजे मलाही ते पटलं होतं. व्यवसाय हा शब्द मला कायम व्हिजिटिंग कार्डावरचा वाटत आला. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, व्यवसाय. ज्याला काही नाही त्याने तिथे आडवी रेघ मारायची.

हे मी डिपार्टमेंटमध्ये येऊन सांगितलं तेव्हा टेबलाशी गोडबोले बाई होत्या. पार्ल्याच्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर संस्कृत शिकवलं. अंगठ्याचा सांधा झिजला म्हणून माझ्याकडे यायच्या आणि मावशींच्या समोरच्या खुर्चीत बसून कपड्याचे चिमटे उघडबंद करायच्या. दोघींची बऱ्यापैकी मैत्री झाली होती. म्हणजे मावशी बाईंना कुठलं पापलेट ताजं ते सांगायच्या आणि बाई शाकाहारी असूनही नीट ऐकून घ्यायच्या.

“शब्द काढू नकोस,” बाई म्हणाल्या. “चांगला शब्द आहे.”

मग त्यांनी चिमटा हातात धरूनच तास घेतला. वि आणि अव हे दोन उपसर्ग. पुढे सो धातू. सो म्हणजे शेवटाला नेणं, तडीस लावणं. संस्कृतात व्यवसाय म्हणजे मुळात धंदा किंवा नोकरी नव्हेच. व्यवसाय म्हणजे निश्चय. डळमळ संपून मनाने एक बाजू धरली की तो व्यवसाय. अध्यवसाय हा शब्द त्याच घरातला. ठरवलेली गोष्ट माणूस नेटाने करत राहतो, म्हणून त्या करण्यालाही व्यवसाय म्हणू लागले, आणि होता होता रोजच्या पोटापाण्याच्या उद्योगाला तो शब्द चिकटला. पैसा त्यात सगळ्यात शेवटी आला.

मला हे नवीन होतं. एवढी वर्षं दारावरच्या पाटीखालून ये-जा केली आणि तिच्यात काय लिहिलं आहे हे मी कधी विचारलं नव्हतं. मी मावशींकडे पाहिलं. त्या पुट्टीवरून मान न उचलता म्हणाल्या, “आमच्यात निस्ता धंदा बोलतात,” आणि बाईंना चिमटे पडले आहेत ते उचला म्हणून सांगितलं.

आम्ही मावशींचं काम तुकड्यातुकड्यांत विभागलं. ही आमची रोजची पद्धत. मासे विकणं म्हणजे काय काय? पाटावर बसणं, उठणं. टोपली ओढणं. मासा धरणं. खवलं काढणं, कापणं. पिशवीत भरणं. पैसे घेणं, सुटे देणं. त्यातला एकेक तुकडा घेऊन सराव. कोयता डाव्या हातात द्यायचा आणि उजव्याने मासा नुसता दाबून धरायचा असं आम्ही ठरवलं. कोयत्याच्या मुठीला जाड रबर गुंडाळलं. ठोकळ्याखाली न घसरणारी चटई घातली. डिपार्टमेंटमध्ये मासा आणायला नाईक साहेबांची परवानगी मिळणं शक्य नव्हतं, म्हणून आधी कणकेचे गोळे, मग दुधी, मग पडवळ. पडवळाला मावशी रोज नवीन माशाचं नाव देत. मेच्या शेवटी त्या सगळे तुकडे करू लागल्या. हळू, पण नीट. सुट्या पैशांसाठी कमरेला डाव्या बाजूने कप्पा शिवून घेतला होता, तोही जमला.

मग ट्रायल. पेशंटला त्याच्या खऱ्या जागी नेऊन बघायचं. मासेमारीची पावसाळी बंदी सुरू व्हायच्या आधी एका सकाळी मी वर्सोव्याला गेले. निलेशने सुट्टी घेतली होती. तो गाळ्यांच्या टोकाला हाताची घडी घालून उभा राहिला.

मावशी आपल्या जागेवर बसल्या तेव्हा आजूबाजूच्या बायकांनी एवढा कालवा केला की मला कौतुक आणि भांडण यांतला फरक कळेना. शेजारच्या पार्वतीबायने स्वतःच्या टोपलीतले बांगडे आणि थोडी कोळंबी त्यांच्या पुढ्यात मांडली. एक गिऱ्हाईक आलं. मावशींनी भाव सांगितला, घासाघीस झाली, माणूस पाकिटातून नोट काढू लागला. आणि मावशी एकदम म्हणाल्या, “तिकडं घे. पार्वतीकडं चांगले हायत.”

दुसऱ्या गिऱ्हाइकालाही तेच. तिसरी एक बाई हटून बसली की मला तुमच्याकडचेच द्या. तिला मावशींनी कोळंबी शिळी असल्याचं सांगितलं. पार्वतीबाय तोंडात बोट घालायची बाकी राहिली, कारण कोळंबी तिची होती आणि तासाभरापूर्वी आलेली होती.

कोयत्याला त्यांनी हातही लावला नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि “चल बाय” म्हणाल्या.

निलेश माझ्याजवळ आला. “बघितलंत ना मॅडम? तिलाच नको आहे. तुम्ही उगाच तिला फोर्स करताय.”

 माझ्या यादीतली एकेक गोष्ट जमत होती आणि धंदा होत नव्हता.

रिक्षात मावशी माझ्या शेजारी बसल्या. उजवा हात मांडीवर, तळवा वर. मी विचारलं, काय झालं? भीती वाटली का? कोयत्याची?

“कोयत्याची कसली भीती.”

 मेट्रोच्या पुलाखाली सिग्नल लागला तेव्हा त्या बोलल्या. “बोनी डाव्या हातान नाय घेत आमी.”

बोनी म्हणजे भवानी, दिवसाची पहिली विक्री. मुंबईत कोणत्याही दुकानात पहिलं गिऱ्हाईक परतवत नाहीत ते यासाठीच. पण मावशींच्या बाजारात तेवढ्यावर भागत नाही. पहिली नोट उजव्या हातात घ्यायची, टोपलीला लावायची, मग कपाळाला. मग मांडीखाली ठेवायची आणि मगच कोयता उचलायचा. सासूने भवानी तशीच घेतली, तिच्या सासूनेही. त्याशिवाय दिवस सुरू होत नाही. आणि मावशींचा उजवा हात छातीच्या वर जातच नव्हता. गेला तर बोटं सुटायची.

मी थेरपिस्टसारखं बोलले. म्हटलं, डावा हात चालत नसेल तर पार्वतीबाय तुमच्या वतीने भवानी घेईल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य अर्ध्यात सोडलं.

“हात वर जात नाय तं दिस उघडल कसा?” त्या म्हणाल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी बघितले. मला फार वाईट वाटलं. रडू येईल अशी वेळ माझ्या कामात कमी येते, तेव्हा आली. मी बाहेर रस्त्याकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पडवळ बंद केलं. आता एकच काम. नोट.

सांगायला सोपं आहे. चिमटीत कागद धरायचा, खाली टोपलीला लावायचा, वर कपाळाला न्यायचा. पण त्यात खांदा, कोपर, मनगट आणि दोन बोटं एकाच वेळी लागतात, आणि दुखावलेल्या मेंदूला एकावेळी एकाच ठिकाणी लक्ष देता येतं. मावशींनी बोटांकडे लक्ष दिलं की खांदा खाली यायचा. खांद्याकडे दिलं की नोट सुटायची. आम्ही जाड पुठ्ठ्यापासून सुरुवात केली. मग पोस्टकार्ड, मग वहीचा कागद. खरी नोट शेवटी. कोपराखाली मी माझा हात द्यायचा आणि हळूहळू काढून घ्यायचा.

एका गोष्टीवरून मी त्यांना सतत टोकत होते. हात वर पोचेना की त्या मान खाली घालायच्या. याला आम्ही कॉम्पेन्सेशन म्हणतो. शरीराने काढलेली पळवाट. हात कपाळाकडे जायला हवा, कपाळ हाताकडे नको, नाहीतर खांदा कधीच शिकत नाही. “मावशी, मान सरळ,” हे वाक्य मी त्या पावसाळ्यात इतक्या वेळा म्हटलं की गोडबोले बाई आपोआप ताठ बसू लागल्या.

हात हनुवटीपर्यंत आला आणि तिथेच अडकला. जुलै गेला तरी तिथेच.

नारळी पौर्णिमेच्या आधी निलेश पुन्हा आला. या वेळी बसला. मी त्याला सगळं सांगितलं, भवानीचंसुद्धा. त्याने ते मन लावून ऐकलं. मग म्हणाला, “मॅडम, मला पैशाचं काही नाही. तिने एक रुपया नाही आणला तरी आमचं चालतं. मी मीटिंगमध्ये होतो तेव्हा पार्वतीमावशीचा फोन आला, तुझी आई पडलीय, उठत नाय. मी मालाडहून वर्सोव्यापर्यंत कसा आलो मला आठवत नाही. मला तो फोन परत नको आहे.”

त्याच्या जागी मी असते तर मीही सर्टिफिकेट मागितलं असतं. पण मला जे विचारलं होतं ते वेगळं होतं. ही बाई काम करू शकते का? मी त्याला म्हटलं, बीपीच्या गोळ्या घरी बसूनही घ्यायच्या आहेत आणि बाजारात बसूनही. मी अनफिट लिहिणार नाही. फिट असंही आज लिहिणार नाही. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या भवानी घेऊ शकल्या तर लिहीन, नाही घेऊ शकल्या तर जागा वहिनीला द्या, मी स्वतः मावशींना समजावेन. मावशींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि खरी नोट मागून घेतली.

होड्या गेल्या, आल्या. पहिल्या बाजाराला मी पोचले तेव्हा मावशी बसलेल्या होत्या. नवी साडी, डोक्यात अबोलीचा गजरा. पुढ्यात स्वतः घेतलेला माल. बोंबील, मांदेली, दोन सुरमया. वहिनीही आली होती, लांब उभी होती. बाजार भरत होता आणि आजूबाजूच्या सगळ्या जणी आमच्याकडे बघत नसल्याचं दाखवत होत्या.

तेवढ्यात निलेश गर्दीतून पुढे आला. त्याने खिशातून नोट काढली आणि आईसमोर वाकला. “आई, मला मांदेली दे.”

मला त्याचा अर्थ कळला. अनोळखी माणसासमोर फजिती नको म्हणून तो स्वतः पहिलं गिऱ्हाईक झाला होता. हात थरथरला असता, नोट पडली असती तरी त्याने उचलून दिली असती.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज इतका मऊ होता की मला पुढे सरकून ऐकावं लागलं. “घरच्याची बोनी नसते, बाला. बाजूला हो, गिऱ्हाईक येऊ दे.”

तो बाजूला झाला. नोट त्याच्या हातातच राहिली.

मग एक बाई आली. ट्रॅकसूट, कानात इअरफोन, घाईत. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने सुरमईचा भाव विचारला, महाग म्हणाली, पुढे निघाली. मावशींनी तिला परत बोलावलं. बाईने निम्मे सांगितले. मावशींनी त्यावर तिच्या डोळ्यांच्या नंबराची चौकशी केली. शेवटी ठरलं आणि बाईने नोट पुढे केली.

मावशींचा उजवा हात पुढे गेला. दोन बोटांत नोट आली. टोपलीला लागली. मग हात वर निघाला. छाती, गळा. हनुवटीशी येऊन थांबला आणि थरथरू लागला. नोटेचं टोक हलताना मला दिसत होतं. मी मनात म्हणत होते, खांदा, मावशी, खांदा. निलेशने डोळे मिटले होते.

मावशींनी मान खाली घातली. सावकाश, अगदी पुरेपूर, देवळात घालतात तशी. कपाळ नोटेला टेकलं.

एवढ्या महिन्यांत ज्या गोष्टीसाठी मी त्यांना टोकलं ती त्यांनी सगळ्या बाजारासमोर केली, आणि ती अगदी बरोबर दिसत होती. नोट मांडीखाली गेली. डाव्या हाताने कोयता उचलला. ट्रॅकसूटवाली म्हणाली, “आंटी, जरा पातळ तुकडे हां.” पार्वतीबाय पदराने तोंड पुसत होती. निलेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. वहिनी आपणहून पुढे झाली आणि मावशींच्या शेजारी बर्फ फोडायला बसली.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. खांद्याची हालचाल, अपूर्ण. कॉम्पेन्सेशन, मानेतून. मासेविक्रीसाठी, फिट. आमच्या शास्त्राप्रमाणे ही तीन वाक्यं एकमेकांशेजारी बसत नाहीत. मी बसवली आणि सही केली.

नाईक साहेबांना पाटी आहे तशीच राहू द्या म्हणून कळवलं. कारण विचारलं तेव्हा शब्द चांगला आहे एवढंच सांगितलं. नवी पाटी आली, अक्षर मोठं झालं, त्यामुळे बायोडेटा घेऊन येणारे वाढले. त्यांना मी दुसऱ्या मजल्यावर एचआरकडे पाठवते.

केसपेपरवर व्यवसायाचा रकाना आहे तिथे मी पूर्वी एक शब्द लिहून पुढे जायचे. आता तो शब्द लिहिल्यावर पेशंटला आणखी एक प्रश्न विचारते, तुमचा दिवस कशाने उघडतो? बहुतेक जण चहाने म्हणतात. तरी मी विचारते.